संत डिम्फना कोण होत्या, आणि गेल गावातली माणसं मनोरुग्णांना घरी का ठेवतात?

प्रश्न: आम्ही वसईचे कॅथलिक. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, बरीच वर्षं गोळ्या चालू आहेत. बेल्जियमला नोकरीला असलेल्या मामेभावाने संत डिम्फनाचं पदक आणि नोव्हेनाची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, पुस्तिका पाठवली, तेव्हापासून आई रोज तिच्याकडे प्रार्थना करते. ही संत खरंच होऊन गेली का? मनोरुग्णांशी तिचा संबंध कसा आला? तिच्या गावात लोक परक्या मनोरुग्णांना स्वतःच्या घरात ठेवून घेतात म्हणे. तसं आपल्याकडे होऊ शकेल का? आमच्या पॅरिशमध्येही (चर्चच्या विभागात) तिची नोव्हेना सुरू करायचा विचार आहे. नोव्हेना चालू असताना औषधांचं काय करायचं?

उत्तर:

ताई, धर्मशास्त्र हा माझा विषय नाही. मी मनोरुग्णालयात आणि नंतर वस्त्यांमध्ये सामाजिक कार्यकर्ती म्हणून काम करत आले आहे. पण घरी राहून उपचार कसे चालवायचे याचा अभ्यास करायला घेतला की गेल गावाचं नाव येतंच, आणि गेलच्या मागोमाग डिम्फनाचं. म्हणून ही कथा मला आपलीशी वाटते.

कथा सातव्या शतकातली सांगतात. आयर्लंडमधला एक राजा ख्रिस्ती नव्हता, राणी मात्र ख्रिस्ती होती आणि तिने मुलीचा, म्हणजे डिम्फनाचा, बाप्तिस्मा गुपचूप करून घेतला होता. राणी वारली. राजा शोकाने सैरभैर झाला. दरबाऱ्यांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला, तेव्हा बायको हवी तर हुबेहूब पहिलीसारखीच, असा हट्ट धरून तो बसला. माणसं देशोदेशी फिरून आली, तशी बाई कुठे मिळेना. अखेर त्याची नजर स्वतःच्याच मुलीवर गेली, कारण ती आईचा चेहरा घेऊन जन्मली होती. मुलीने विचार करायला मुदत मागून घेतली आणि तेवढ्या वेळात ती निसटली. तिच्याबरोबर गेरेबर्नस नावाचे वृद्ध धर्मगुरू होते, दरबारातला विदूषक होता आणि त्याची बायको होती. समुद्र ओलांडून ही चौघं आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात उतरली आणि तिथून आत, रानात, संत मार्टिनच्या नावाच्या एका लहानशा चॅपेलजवळ राहिली. तेच गेल.

माग लागला तो पैशामुळे. राजाची माणसं वाटेत एका सराईत उतरली. बिल चुकतं करताना त्यांनी आपल्या देशाची नाणी पुढे केली, तर सराईवाला म्हणाला, असली नाणी माझ्याकडे आधीच आहेत, इथे एक परदेशी मुलगी राहते तिची. मला ही जागा फार खरी वाटते. पळून आलेल्या मुलीला खायला तर लागणारच, आणि हातात पैसे होते ते बापाच्याच शिक्क्याचे. राजा आला. त्याच्या शिपायांनी गेरेबर्नसला मारलं. राजकन्येवर हात टाकायला कुणी धजेना, तेव्हा बापाने स्वतः तलवार उपसून तिचं डोकं उडवलं. परंपरेने तिचं वय पंधरा सांगितलं जातं.

आता, हे घडलं का? ही कथा लिहिली गेली तेराव्या शतकाच्या मध्यावर. उत्तर फ्रान्समधल्या काँब्रेचे बिशप गियार यांच्या सांगण्यावरून पियेर नावाच्या तिथल्या एका धर्मगुरूने ती लॅटिनमध्ये उतरवली. हे बिशप १२३८ ते १२४८ या काळात पदावर होते. म्हणजे कथेतला काळ आणि लेखणी यांच्यात सुमारे सहाशे वर्षं. पियेर स्वतःच सांगतो की आपण लोकांच्या तोंडून ऐकलेलं लिहितो आहोत. मुलीशी लग्न करू पाहणारा राजा आणि पळून जाणारी राजकन्या हे युरोपच्या लोककथांमधलं जुनं कथानक आहे, त्यामुळे संतचरित्रांची कसून छाननी करणाऱ्या कॅथलिक अभ्यासकांनीच ही कथा लोककथेच्या वळणाची ठरवली. गेलमध्ये दोन प्राचीन दगडी शवपेट्यांचे तुकडे आणि तिचं नाव कोरलं आहे असं मानली जाणारी एक वीट जपून ठेवली आहे. तिथे फार पूर्वी कुणाला तरी आदराने पुरलं होतं, आणि लोक त्या जागी येत होते, एवढं त्यावरून म्हणता येतं. राजा, दरबार, नाणी यांना इतिहासाचा आधार नाही.

आईला हे कसं सांगायचं, असं तुमच्या मनात आलं असेल. माझं मत विचाराल तर मुद्दाम सांगायला जाऊ नका, विचारलं तर लपवूही नका. चर्चने तिला आपल्या रक्तसाक्षींच्या, म्हणजे धर्मासाठी प्राण दिलेल्यांच्या, यादीतून काढलेलं नाही. १५ मे हा तिचा सण परंपरेने पाळला जातो, रोमच्या आताच्या यादीत तो ३० मेला आहे. गेरेबर्नसही संत मानले जातात, त्यांचे अवशेष जर्मनीतल्या सोन्सबेकला नेले गेले.

मनोरुग्णांशी तिचा संबंध कसा जुळला, तर तो बापाच्या बाजूने. राजाच्या अंगात सैतान शिरला म्हणून त्याची बुद्धी फिरली, असं मध्ययुगीन माणूस समजत होता. मुलीने जीव दिला पण त्याला नमली नाही, म्हणजे तिने सैतानावर मात केली, मग ज्यांच्या ज्यांच्या डोक्यात सैतान शिरला आहे त्यांना तीच सोडवणार. पदक नीट बघा. बहुतेक चित्रांत आणि मूर्तींत तिच्या डोक्यावर मुकुट असतो, हातात तलवार असते आणि पायाशी साखळीने बांधलेला सैतान असतो. या चित्राकडे मी फार वेळा पाहिलं आहे. साखळी सैतानाला आहे, माणसाला नाही. ज्या काळात वेड लागलेल्या माणसालाच सगळीकडे साखळदंड घालत, त्या काळातलं हे चित्र आहे.

गेलमध्ये चौदाव्या शतकात तिच्या नावाचं मोठं चर्च बांधायला घेतलं. १४८० मध्ये चर्चच्या भिंतीला लागूनच आजाऱ्यांसाठी खोल्या बांधल्या. १४८९ मध्ये आग लागली, पुन्हा बांधकाम झालं, १५३२ मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं. विधी नऊ दिवसांचा असे. रुग्णाला चर्चलगतच्या खोलीत ठेवत, प्रार्थना होत, चर्चला प्रदक्षिणा होत, आणि रोज त्याला संताच्या अवशेषांच्या पेटीखालून रांगत पलीकडे जावं लागे. उंच चौथऱ्यावर पेटी, खाली जेमतेम एका माणसाला गुडघ्यांवर सरकता येईल एवढी पोकळी. ज्याला ते जमण्यासारखं नसे त्याच्यासाठी गावातलं दुसरं कुणी रांगे. बेभान झालेल्यांना बांधूनही ठेवत. हे मी गाळत नाही, कारण गेलविषयी बोलताना लोक फार गोड बोलतात.

खरी गोष्ट दहाव्या दिवशी सुरू होते. नऊ दिवस झाले आणि माणूस बरा झाला नाही, तर? पुन्हा नऊ दिवस. खोल्या मोजक्या, येणारे मात्र लांबलांबून येत, रांग वाढत जाई. मग चर्चच्या कारभाऱ्यांनी गावातल्या घरांना सांगितलं, तुमच्याकडे ठेवून घ्या. नंबर लागेपर्यंत काही जण शेतकऱ्यांच्या घरी राहिले. विधी झाल्यावरही बरे न झालेले काही जण तिथेच राहिले. नातेवाईक खर्चाला पैसे देत, रुग्ण शेतात, गोठ्यात, घरात जमेल ते काम करी. असं वर्षानुवर्षं, मग पिढ्यान्‌पिढ्या.

ताई, मला गेलबद्दल जे वाटतं ते याच ठिकाणी वाटतं. चमत्काराची ख्याती असलेली गावं जगभर आहेत. चमत्कार झाला नाही अशा माणसाचं पुढे काय करायचं, याचं उत्तर फार थोड्या गावांनी शोधलं. बऱ्याच ठिकाणी बरं न झालेल्यालाच दोष देतात: श्रद्धा कमी पडली, पाप मोठं होतं, घरच्यांनी काही लपवलं. गेलमध्ये त्याला पानावर बसवलं. डिम्फनाची सगळ्यात मोठी देणगी मी हीच मानते, आणि ती बरे झालेल्यांच्या यादीत शोधून सापडायची नाही.

पुढे १८व्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच क्रांतीच्या राजवटीत चर्च बंद पडलं, विधी थांबले, पण घरांमधली माणसं घरांतच राहिली. १८५० मध्ये बेल्जियमच्या सरकारने ही व्यवस्था आपल्याकडे घेतली, डॉक्टर नेमले, आणि १८६० च्या दशकात लहानसं रुग्णालय बांधलं. नवीन रुग्ण आधी तिथे राहतो, मग त्याच्यासाठी घर निवडतात. फ्रान्समधले नामवंत मनोविकारतज्ज्ञ एस्किरोल १८२१ मध्ये गाव पाहायला गेले होते, त्यांच्यानंतर अर्ध्या युरोपातून डॉक्टर येत राहिले. चित्रकार व्हॅन गॉगच्या वडिलांनीही १८८० च्या सुमारास मुलाला गेलला पाठवायचं मनात आणलं होतं, ते घडलं नाही. १९३८ मध्ये या गावातल्या घरांमध्ये ३,७०० हून जास्त रुग्ण राहत होते. त्यानंतर संख्या उतरत गेली. औषधं आली, शेती आटली, घरातली बाई नोकरीला जाऊ लागली. आता ती अगदी थोडी उरली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गेलच्या या परंपरेची जतनाचं चांगलं उदाहरण म्हणून नोंद केली.

आत ते कसं चालतं, हे तुमच्या उपयोगाचं आहे. तिथे त्या माणसाला पेशंट म्हणत नाहीत, घरी राहणारा पाहुणा किंवा भाडेकरू अशा अर्थाचा शब्द वापरतात. त्याला ठेवून घेणाऱ्या घरच्यांना त्याच्या आजाराचं नाव सांगितलं जात नाही, कारण नाव कळलं की माणसं माणसाकडे न बघता नावाकडे बघायला लागतात. त्याला काय आवडतं, तो कशाने बिथरतो, गोळी कधी घेतो, एवढं सांगतात. घरातल्यांनी त्याच्यावर उपचार करायचे नसतात. त्याला खोली द्यायची, एका टेबलावर जेवायचं, भांडी कुणी विसळायची त्यावरून वाद घालायचा. अडलं की रुग्णालयाची नर्स येते, आणि फारच बिनसलं तर काही दिवस तिथे दाखल करतात. आई म्हातारी झाली की तिने सांभाळलेला माणूस मुलीच्या घरी जातो, इतकी वर्षं ही नाती चालतात. घराला सरकारकडून रोजचा भत्ता मिळतो. तो फार मोठा नाही, पण आहे. पूर्वी तर शेतकऱ्याला राबायला दोन हात मिळत, हाही त्यात मोठा भाग होता. केवळ भक्तीवर सातशे वर्षं काही चालत नाही आणि केवळ पैशावरही नाही.

आपल्याकडे होईल का? जसंच्या तसं, नाही. गावांना त्याची सवय मुरायला काही शतकं लागली, आणि पाठीशी रुग्णालय कायम उभं होतं. पाठीशी काही नसताना देवस्थानाच्या आवारात मनोरुग्ण ठेवले की काय होतं ते आपण पाहिलं आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एर्वाडी इथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी आहे, आणि रुग्णाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे. त्यासाठी हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम), आधारगृहं सरकारने उभी करावीत असंही त्यात आहे. ती पुरेशी नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या सरकारी मनोरुग्णालयांत असे रुग्ण मी पाहिले आहेत, ज्यांचा आजार कधीच आटोक्यात आला आहे, पण न्यायला कुणी येत नाही. गेलसारखी दहा घरं प्रत्येक जिल्ह्यात तयार झाली तर त्यांच्यातले कितीतरी बाहेर येतील.

गेलकडून तुमच्या घराने घेण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे. तिथे सांभाळणारी माणसं रक्ताची नाहीत. तो आधी किती हुशार होता, बारावीला किती मार्क होते, लग्न ठरत आलं होतं, हे काही त्यांना ठाऊक नसतं. आज तो जसा आहे तसाच त्यांना भेटला. आपण घरचे लोक मात्र रोज त्याला जुन्या त्याच्याशी ताडून बघतो आणि न बोलताही ते त्याला कळतं. लंडनच्या संशोधकांनी १९६० आणि ७० च्या दशकांत हे तपासलं: ज्या घरात सतत टोकणं, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असते, त्या घरात स्किझोफ्रेनिया पुन्हा उसळण्याचं प्रमाण जास्त. चंडीगडमध्ये नंतर तसाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या घरांमध्ये टोकणं लंडनपेक्षा कमी आढळलं. म्हणजे आपल्याकडे भांडवल आहे. भाऊ सकाळी उशिरा उठला तर उठू दे. त्याला घरातलं एक काम नेमून द्या, झाडांना पाणी, पाव आणणं, काहीही, आणि ते त्याचंच राहू द्या. आणि आईला आठवड्यातून एक दिवस त्याच्यापासून सुट्टी द्या. ती हो म्हणणार नाही, तरी द्या.

नोव्हेना आणि गोळ्या यांचं भांडण नाही. आई संध्याकाळी प्रार्थना म्हणते, त्याच वेळेला त्याची रात्रीची गोळी बांधून टाका, म्हणजे दोन्ही चुकणार नाहीत. "नऊ दिवस संतावर सोडू, गोळ्या बंद करून बघू" असं कुणी सुचवलं, मग ते कितीही भाविक असोत, ऐकू नका. गोळ्या अचानक तोडल्या की आजार लगेच उसळतो असं नाही, कधी कधी पहिले काही आठवडे माणूस बरा दिसतो, आणि तेवढ्यात घरच्यांची खात्री पटते. मग पडतो तो जोरात पडतो. जेवणातून लपवून गोळी देऊ नका. एकदा कळलं की तो घरचं अन्नही खाणार नाही, आणि हा अनुभव मी कितीतरी घरांत पाहिला आहे. पदक गळ्यात घालायचं का, हे त्याला विचारा. तो नको म्हणाला तर उशीखाली गुपचूप ठेवू नका, सापडलं तर त्याच्या संशयाला खतपाणी मिळेल. हो म्हणाला तर आनंदाने घालू द्या. पण डिम्फना आपल्याशी बोलते, आपल्याला हुकूम देते, असं तो सांगायला लागला तर आईने त्याला साक्षात्कार समजू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. या कथेत सातशे वर्षं सगळ्यांनी बापाच्या वेडाकडे पाहिलं, मुलीकडे कमी. शोकाने राजाचं डोकं फिरलं, बिचारा, असं सांगायची पद्धत पडली. पण शोक पुष्कळांना होतो, बायको गेली म्हणून कुणी मुलीवर हात टाकत नाही, आणि मनोरुग्ण असणं हेही त्याचं कारण नव्हे. तुमच्या भावासारख्या माणसांना त्या राजाच्या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे. ती घरातल्या अत्याचारातून पळालेली मुलगी होती. कथेत तिने एका मोठ्या माणसाला, गेरेबर्नसला, सांगितलं, त्या माणसाने तिच्यावर विश्वास ठेवला, "तुझे वडील आहेत, नीट बोलून घे" असं म्हटलं नाही, आणि तिच्याबरोबर निघाला. म्हणूनच घरातल्या लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या स्त्रियाही तिला आपली संत मानतात.

तुमच्या पॅरिशमध्ये तिची नोव्हेना सुरू करायचा विचार आहे असं तुम्ही लिहिलं आहे. धर्मगुरूंना माझ्या वतीने एवढं सांगा, की प्रवचनात गेरेबर्नसचा भाग गाळू नका. समोर बसलेल्यांत एखादी मुलगी अशी असू शकते जिला तेवढंच ऐकायचं असेल. प्रवचनानंतर ती कुणाकडे आली आणि बोलली, तर ऐकणाऱ्याने घरच्यांना बोलावून समेट घडवायला जाऊ नये. ती अठरा वर्षांच्या आतली असेल तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ऐकणारा कुणीही असो. मुलांसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर १०९८. तो नंबर नोव्हेनाच्या पत्रकावर खालच्या कोपऱ्यात छापा, १४४१६ च्या शेजारी.